धुऱ्यापलीकडचा हिशेब

प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचे नाव स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ‘गाडगीळ सूत्रा’मुळे ठाऊक असते. सहकारातल्या मंडळींना ते प्रवरेच्या साखर कारखान्यामुळे आठवते आणि पुणेकरांना गोखले अर्थशास्त्र संस्थेमुळे. त्यांच्या आयुष्यातल्या आणखी एका कामाबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. एखाद्या गावाने, नगरपालिकेने किंवा प्रांताने आपल्या सीमेबाहेरच्या मोठ्या मंडळात सामील व्हावे का, व्हायचे तर कोणत्या अटींवर, आणि सीमेवरच्या शेतजमिनीत घरे उठू द्यायची असतील तर तो निर्णय कोणी घ्यायचा, या प्रश्नांकडे ते पुन:पुन्हा वळले. महाराष्ट्रात आज ज्या कायद्याखाली एखादी जमीन शेती विभागातून रहिवासी विभागात जाते, त्या कायद्यामागे त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल आहे.

हे मी वरवट बकालहून लिहीत आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातले हे गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेचे खोरे. इथे महानगर नाही की उपनगर नाही. तरीही रस्त्याला लागून असलेल्या वावरात चुन्याची फक्की पडते, प्लॉटांचे आकडे रंगवलेले दगड उभे राहतात आणि ‘रो-हाऊस’ हा शब्द आता वऱ्हाडी बोलण्यातही सहज मिसळला आहे. आमच्याकडे दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, हे साऱ्यांना माहीत आहे. गावांचे आणि नगरपालिकांचेही असेच धुरे असतात आणि त्यांवरची भांडणे जास्त काळ चालतात. गाडगीळांचे चरित्र मला आज वाचावेसे वाटते ते या धुऱ्यांमुळे.

त्यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. बालपण आणि शालेय शिक्षण नागपुरात झाले. म्हणजे पुढे पुण्याचे म्हणून ओळखले गेलेले हे गृहस्थ वाढले विदर्भात. ही गोष्ट त्यांच्या पुढच्या आयुष्यात उपयोगी पडली असणार, असे मला वाटते. पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ या दोन्ही बाजूंची मने त्यांना आतून माहीत होती. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. तिथे केलेला भारतीय उद्योगांच्या वाटचालीवरचा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने निघाला आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो पुढे कित्येक दशके वाचला. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते.

परत आल्यावर थोडा काळ सरकारी नोकरी झाली. मग सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद सांभाळले. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आश्रयाने पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि गाडगीळ तिचे संचालक झाले. त्या खुर्चीवर ते १९६६ पर्यंत होते. छत्तीस वर्षे एकाच संस्थेत राहणाऱ्या माणसाविषयी आपली कल्पना अशी असते, की तो पुस्तकांच्या कपाटाआड हरवला असेल. गाडगीळांचे उलटे झाले. त्यांनी संस्थेला रस्त्यावर, बाजारात आणि बांधावर नेले.

त्या काळात अर्थशास्त्र म्हणजे विलायतेतल्या ग्रंथांवर भाष्य, अशी समजूत होती. गाडगीळांनी विद्यार्थ्यांच्या हाती वह्या दिल्या आणि मोजायला पाठवले. पुण्यात येणाऱ्या फळांची विक्री कशी होते, शेतकऱ्याच्या हाती त्यातले किती पडते, याची पाहणी झाली. मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांत मोटारगाड्यांची प्रवासी वाहतूक कशी चालते, हे पाहून १९३५ साली पुस्तक निघाले. वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली. मोटारीच्या पाहणीचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. पण मोटार सकाळी एका गावातून निघते, दुपारी दुसऱ्या तालुक्यात जाते आणि संध्याकाळी तिसऱ्या जिल्ह्याच्या बाजारात थांबते. तिच्या मागे वही घेऊन फिरणाऱ्याला आपोआप कळते, की माणसांचे व्यवहार नकाशावरची रेघ पाहून थांबत नाहीत.

पुढे १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका भारतीय शहराची इतकी बारकाईने झालेली ही सुरुवातीच्या पाहण्यांपैकी एक. पुणे त्या वेळी एका छताखाली नव्हते. शहराची एक नगरपालिका, उपनगरांची दुसरी आणि लष्करी छावण्यांचा कारभार वेगळा. एका भागातला माणूस दुसऱ्या भागात कामाला जाई आणि तिसऱ्या भागात बाजार करी. १५ फेब्रुवारी १९५० रोजी शहर आणि उपनगर अशा दोन्ही नगरपालिका मिळून पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली. छावण्या मात्र बाहेरच राहिल्या. उपनगराने शहरात विलीन व्हावे का, हा प्रश्न जगात कुठेही सोपा नसतो. कर वाढेल, आपले नगरसेवक मोठ्या सभागृहात हरवतील, ही भीती एका बाजूला असते. पाणी, रस्ते आणि दवाखाने मिळतील, ही आशा दुसऱ्या बाजूला असते.

याच काळात गाडगीळांनी एका फार मोठ्या धुऱ्याच्या प्रश्नात हात घातला. स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना, ८ ऑगस्ट १९४७ रोजी, अकोल्यात पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भ इथल्या नेत्यांमध्ये करार झाला. गाडगीळ त्या करारावर सह्या करणाऱ्यांपैकी होते. संयुक्त महाराष्ट्र व्हावा, पण त्यात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, त्यांना स्वतंत्र विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ असावे, असे त्या कराराचे स्वरूप होते. वरवट बकालहून अकोला काही लांब नाही. आमच्या वऱ्हाडच्या भूमीवर झालेला हा करार शाळेच्या इतिहासात दोन ओळींत संपतो. त्यामागची रीत मला महत्त्वाची वाटते. मोठ्या घरात जायचे आहे, हे मान्य. पण आत जाण्यापूर्वी आपली खोली कोणती आणि तिची किल्ली कोणाकडे, हे लिहून घ्यायचे.

पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. ते उपप्रांत कधी झाले नाहीत. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या आणि खर्चाचा वाटा, तसेच नागपुरात दरवर्षी अधिवेशन अशी आश्वासने आली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदात विकास मंडळांची तरतूद होती, पण वैधानिक मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. अनुशेष मोजायला १९८३ मध्ये जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष वि. म. दांडेकर हे गोखले संस्थेतलेच. म्हणजे अट लिहून घेणारे आणि ती पाळली गेली का हे मोजणारे एकाच परंपरेतून आले.

इकडे नगर जिल्ह्यात, लोणीच्या परिसरात, गाडगीळांनी निराळ्या प्रकारचे सामीलपण उभे केले. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमा करत होते. गाडगीळ कारखान्याचे अध्यक्ष झाले. १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले आणि आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून प्रवरेचे नाव झाले. विठ्ठलरावांकडे लोकांचा विश्वास होता. गाडगीळांकडे हिशेबाची शिस्त होती आणि सरकार-बँकांत शब्दाला वजन होते. चार एकरांचा शेतकरी एकटा साखर तयार करू शकत नाही, म्हणून त्याला मंडळात यावे लागते. पण तिथे शंभर एकरवाल्याचे मत आणि त्याचे मत सारखेच मोजले जाते. सहकाराची ही अट होती. पुढे अनेक कारखान्यांत या समान मताचे काय झाले, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. पण अट चुकीची होती असे त्यावरून ठरत नाही.

मार्च १९६५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुंबई-पनवेल आणि पुणे या महानगर प्रदेशांच्या नियोजनाची तत्त्वे ठरवण्यासाठी समिती नेमली आणि गाडगीळांना अध्यक्ष केले. मुंबई तेव्हा बेटावर मावत नव्हती. ठाणे, कल्याण, पनवेल, उरण यांची आपापली नगरपालिका किंवा ग्रामपंचायत आपापल्या हद्दीपुरते पाही. कारखाना एका हद्दीत, कामगारांची झोपडी दुसरीत, पाण्याचा तलाव तिसरीत. शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रविणा मेहता यांनी त्याच सुमारास खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. गाडगीळ समितीने वर्षभरात अहवाल दिला. मुंबईतल्या उद्योगांच्या वाढीला कडक आवर घालावा, उद्योग योजनापूर्वक बाहेर न्यावेत, आणि पलीकडच्या जमिनीवर एकच अवाढव्य शहर न करता प्रत्येकी अडीच लाखांहून कमी वस्तीच्या अनेक नगरांचा समूह करावा, असे त्यात सुचवले होते. सगळ्या प्रदेशाचा एकत्र विचार करणारी मंडळे असावीत, हीही शिफारस होती.

त्यानंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आला आणि १९६७ च्या जानेवारीत लागू झाला. सामान्य कुटुंबाला हा कायदा प्लॉट घेताना भेटतो. प्रादेशिक योजना, शहराची विकास योजना आणि छोट्या भागाची नगररचना योजना असे त्याचे तीन थर आहेत. त्यात प्रत्येक जमिनीचा वापर ठरतो: शेती, रहिवास, व्यापार, उद्योग. विकास योजनेतला वापर बदलायचा असेल तर नगरपालिकेच्या सभेत ठराव व्हावा लागतो, जाहीर सूचना निघते, लोकांच्या हरकती ऐकल्या जातात आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. प्रादेशिक मंडळावर स्थानिक संस्थांतले काही सदस्य घेण्याची तरतूद आहे, पण त्यांची नेमणूक शासन करते. गावाला आवाज मिळाला, पण तो आवाज कोणाचा, हे गावाने ठरवायचे राहून गेले. माझ्या मते या कायद्यातली खरी उणीव इथे आहे.

ती किती महाग पडू शकते, हे खाडीपलीकडे दिसले. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे-पनवेल-उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या भातखाचरांचा आणि मिठागरांचा भाव सरकारी कागदावर एक होता आणि त्या जागी उठणाऱ्या शहरातला दुसरा. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. हे आंदोलन आणि हे धोरण गाडगीळांच्या मृत्यूनंतरचे. अहवाल त्यांचा आणि अंमल दुसऱ्यांचा, असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण प्रदेशाचा हिशेब मांडताना त्यात आधीपासून राहणाऱ्यांचा वाटा पहिल्या ओळीत लिहिला नाही, तर पुढे तो रक्ताने लिहावा लागतो, एवढे त्यावरून शिकावे.

गाडगीळ स्वतः त्यानंतर दिल्लीला गेले. १९६६ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती, काही काळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि १९६७ पासून नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद. केंद्राने राज्यांना मदत देताना कुणाच्या ओळखीवर किंवा मर्जीवर जाऊ नये, म्हणून १९६९ मध्ये त्यांचे सूत्र आले. विशेष अडचणीतल्या राज्यांचा वाटा बाजूला काढल्यावर उरलेल्या मदतीतले साठ टक्के लोकसंख्येवर. दरडोई उत्पन्न, कर उभारण्याचे प्रयत्न, चालू सिंचन-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी दहा टक्के. मोठ्या मंडळात सामील झालेल्या प्रत्येकाला आपला वाटा कसा निघाला, हे पाटीवर बेरीज करून पाहता यावे, हा त्यामागचा विचार. त्याच वर्षी बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने जिल्हा हे एकक धरून बँकांनी काम वाटून घ्यावे, असे सुचवले. त्यातून अग्रणी बँक योजना आली. आज बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात पीककर्जाचा आढावा घ्यायला सगळ्या बँकांना एका टेबलाशी बसावे लागते, त्यामागे तो अहवाल आहे.

१९७१ च्या वसंतात पद सोडून ते पुण्याला परत यायला निघाले. ३ मे रोजी आगगाडीच्या प्रवासातच त्यांचे निधन झाले. वय सत्तर. त्यांचे पुत्र माधव गाडगीळ पुढे पर्यावरणशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटावर अहवाल दिला, तेव्हा कुठे काय होऊ द्यायचे हे ठरवताना ग्रामसभांना विचारावे, असा आग्रह त्यात होता. वडिलांनी प्रदेशाचा विचार शिकवला आणि मुलाने त्या विचारात गावाची सही मागितली, असे मी त्याकडे पाहतो.

आता आजच्या काळातले एक उदाहरण. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी शहराचा कचरा अनेक वर्षे सोसला. कचरा डेपो त्यांच्या हद्दीत होता. २०१७ मध्ये ही गावे महानगरपालिकेत घेतली गेली. मिळकतकराची बिले वाढली, पण पाणी आणि रस्ते त्या वेगाने आले नाहीत, अशी तिथल्या लोकांची तक्रार राहिली. शेवटी ती बाहेर काढून २०२४ मध्ये दोन्ही गावांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली. सामील झाले तेव्हा आणि बाहेर पडले तेव्हाही मोटारी त्याच रस्त्याने धावत होत्या आणि भूजल त्याच खडकात मुरत होते. प्रश्न हद्दीचा कमी आणि अटींचा जास्त होता.

इकडे आमच्या बाजूला हाच प्रश्न पाण्याच्या रूपाने आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाचे आजार ही घराघरातली काळजी आहे. एखादी ग्रामपंचायत स्वतःच्या शिवारात कितीही खोल खणली, तरी गोडे पाणी काढू शकत नाही. म्हणून वान धरणातून १४० गावांची संयुक्त योजना आखावी लागली. गावाला एकट्याने न झेपणारी गोष्ट मंडळात गेल्यावर कशी शक्य होते, याचे याहून साधे उदाहरण मला माहीत नाही. अशा योजनेत पाणीपट्टी कोणी किती भरायची, शेवटच्या टोकाच्या गावाला पाणी कधी पोचायचे, दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी, आणि धरणावर हक्क सांगणाऱ्या इतर गावा-शहरांना किती द्यायचे, या अटी मात्र कोणत्याही नळाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

रस्त्याकडेच्या वावरातल्या रो-हाऊसचाही हिशेब तसाच. एकमेकांच्या भिंतीला भिंत लावलेली ओळीतली घरे थोड्या जागेत अधिक कुटुंबांना आसरा देतात. नोकरदार, शिक्षक, शेतीवर न भागणारा धाकटा भाऊ, सगळ्यांना घर हवे आहे. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण समजा, एका कुटुंबाच्या दोन एकरांत अशी तीस घरे उठली. मग तीस घरांचे सांडपाणी कोणत्या नाल्यात जाणार, त्यांचे पाणी संयुक्त योजनेतल्या कोणत्या गावाच्या वाट्यातून येणार, शेजारच्या वावरात बैलबंडी कुठून जाणार, या प्रश्नांची उत्तरे त्या दोन एकरांच्या आत सापडत नाहीत. ती धुऱ्यापलीकडे आहेत. ज्याने जमीन विकली त्याला पैसे मिळतात आणि बांधणाऱ्याला नफा मिळतो. नाल्याकाठच्या शेवटच्या घराला मात्र काय मिळणार, हे कोणीतरी आधी मोजले पाहिजे.

गाडगीळांच्या रीतीने पाहिले तर सभेत हात वर करण्यापूर्वी तीन कामे येतात. आधी मोजायचे: किती घरे, किती पाणी, किती उतार, किती कर. मग आपल्या एकट्याने होणार नाही ते प्रामाणिकपणे वेगळे काढायचे आणि त्यापुरते मोठ्या मंडळात जायचे. जाताना आपला वाटा, आपले मत आणि बाहेर पडण्याची वाट कागदावर लिहून घ्यायची. यातले तिसरे काम अकोल्याच्या करारानंतरही आपल्याला नीट जमलेले नाही. कराराचा कागद कपाटात राहतो आणि त्याची आठवण अनुशेषाच्या वेळीच होते.

ग्रामसभेच्या वहीत ठराव लिहिताना बहुधा सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात, मग ‘सर्वानुमते मंजूर’ असा शेरा पडतो. त्या दोहोंमध्ये आकड्यांचे अर्धे पान असावे, एवढेच मला या चरित्रातून सुचवावेसे वाटते. ते पान लिहायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. गावातल्या शाळेतली आठवी-नववीची मुले वही घेऊन निघाली, तरी एका रविवारी घरे, विहिरी आणि नाले मोजून होतील.